आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) निघालाय. आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी सुरू करू का?

जास्वंद | ९ जून, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. वय ३८, राहणार वाई. घरीच शिवणकाम करते.

संक्रांतीच्या सुमारास उजव्या हाताची मधली दोन बोटं सुजली. लग्नसराईची कामं होती, मशीनवर जास्त बसले म्हणून असेल असं वाटलं. मग डाव्या हाताचीही सुजली. आता पहाटे उठलं की मूठ वळत नाही. दुधाची पिशवी कापायची तर कात्री उघडत नाही, मुलगा कापून देतो. गरम पाण्यात हात धरून बसते. दहा वाजता कुठे हात आपले वाटायला लागतात. तोवर काज, हूक, सुईत दोरा, सगळं बंद. पाटल्या काढून ठेवल्यात, मनगटावरून जात नाहीत.

गावातल्या डॉक्टरांनी तीन महिने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. गेल्या वर्षी चिकनगुनिया होऊन गेला होता, त्याचंच राहिलंय म्हणाले. शेवटी रक्त तपासलं. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी सीसीपी २०० च्या वर (या दोन्ही आमवाताच्या तपासण्या), अंगातली सूज दाखवणारा ईएसआर ६२. पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि थोडे दिवस स्टेरॉइड लिहून दिलं.

यांच्या एका मित्राचं औषधाचं दुकान आहे. त्याने पाकिटातला कागद वाचून सांगितलं, हे कॅन्सरचं औषध आहे. झालं! सासूबाई म्हणतात, हात लावू नकोस. त्यांच्या माहेरगावी एकजण पुड्या देतात, त्या घे म्हणतात. गोळ्या आणून १९ दिवस झाले. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात तशाच आहेत.

ज्यांनी घेतली आहे त्यांनी खरं काय ते सांगा. घेऊ का?

पाटीपेन्सिल | ९ जून, दुपारी ३:४१

आधी डॉक्टरांना फोन कर, "१९ दिवस सुरूच केली नाही" हे स्पष्ट सांग, आणि मग घे. आत्ता बँकेत आहे, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

कोरा कागद | ९ जून, दुपारी ४:०५

घाई करू नका असं माझं मत. माझ्या मावशीचे या गोळीने केस गेले होते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, मग ठरवा.

तिरफळ | ९ जून, संध्याकाळी ५:२०

दुसरं मत घ्यायला हरकत नाही, पण ते या आठवड्यात घ्या. माझ्या आईने "बघू, बघू" करत गणपती ते शिमगा घालवला.

पाटीपेन्सिल | ९ जून, रात्री ८:५५

हं, आता लिहिते.

मला अकरा वर्षं झाली. शाळेत शिकवते. सुरुवात फळ्यावर झाली, खडू धरला की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. तेव्हा मला कोणी 'संधिवाततज्ज्ञ' हा शब्दसुद्धा सांगितला नाही. हाडांचे डॉक्टर झाले, मसाज झाला, चुंबकाचं कडं झालं, कोणीतरी मधमाश्या चावून घ्यायला सांगितल्या तेही झालं. अडीच वर्षं गेली. गोळी सुरू झाली तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं करंगळीकडे कलली होती. औषधाने सूज गेली, ताप गेला, दुखणं नव्वद टक्के गेलं. ती दोन बोटं मात्र आजही तशीच आहेत. झीज झालेला सांधा औषधाने परत येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जास्वंद, तू पाच महिन्यांत निदानापर्यंत पोचलीस. तुझ्याकडे जे आहे ते माझ्याकडे नव्हतं. ते कप्प्यात ठेवू नकोस गं.

केसांबद्दल: माझेही पहिले सहा महिने गळले, विंचरताना कळायचं. नंतर थांबले. टक्कल पडलं नाही.

स्टेथो | ९ जून, रात्री १०:१२

मी फिजिशियन आहे, बाह्यरुग्ण विभागात हे रुग्ण रोज बघतो. इथे कोणाला डोस सांगणार नाही, पण 'कॅन्सरचं औषध' या शब्दाबद्दल लिहायलाच हवं, कारण त्या एका शब्दापायी लोक औषध सोडतात.

औषध तेच आहे, हे खरं. प्रमाण मात्र पार वेगळं. कॅन्सरमध्ये काही वेळा एकावेळी हजारो मिलिग्रॅम शिरेतून देतात. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. इथे ते पेशी मारायला दिलेलं नसतं. आपली प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरालाच शत्रू समजून त्याच्यावर धावून जाते, तिला आवरायला दिलेलं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८८ मध्ये ते आमवातासाठी मान्य केलं. आज जगभर या आजारात पहिलं औषध म्हणून तेच देतात.

आणि हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमावरमला १८९५ मध्ये जन्म, मद्रासला वैद्यकीय शिक्षण, पुढे अमेरिका. मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात त्यांनी काही काळ शिकवलंही होतं. १९४८ मध्ये गेले. आमवातासाठी त्याचा असा उपयोग होईल, हे बघायला ते राहिले नाहीत. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं, म्हणून हे अवांतर.

आता काळजी कशाची घ्यायची ते. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि मग दर तीन महिन्यांनी रक्तपेशी, लिव्हर, किडनी तपासायची. दारू नको. मूल होऊ द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून ही गोळी बंद करावी लागते, गर्भाला ती घातक आहे. लघवीच्या संसर्गावर किंवा जुलाबावर कोणी कोट्रायमॉक्सॅझोल लिहून देत असेल तर "मी मेथोट्रेक्सेट घेते" हे आधी सांगा. दोन्ही एकत्र झाली तर रक्तपेशी धोकादायक खाली जातात.

परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्टेरॉइड थोडे दिवस दिलंय ते मधला काळ निभावण्यासाठी.

गोदाकाठ | ९ जून, रात्री ११:३०

स्टेथोंनी लिहिलंय, पण मी ते ठळक करून सांगते. आठवड्यातून एकदा. रोज नाही.

माझी आई, वय ६७, नाशिक. चिठ्ठीवर इंग्रजीत नीट लिहिलं होतं. दुकानातल्या मुलाने पाकिटावर रोजच्या गोळ्यांसारखी एक रेघ मारून दिली आणि आईने ती रोज रात्री घेतली. नऊ दिवस. दहाव्या दिवशी तिला वरण-भातही गिळवेना. तोंडात पांढरे फोड, ओठ सोललेले. मला वाटलं उष्णता झाली, मी गुलकंद दिला. अकराव्या दिवशी ताप आला तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. पांढऱ्या पेशी ९०० पर्यंत खाली आल्या होत्या. सहा दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं, उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली. वाचली.

ते पाकीट मी अजून जपून ठेवलंय. एवढीशी निळी रेघ.

आता आमच्याकडे ती गोळी बाकीच्या औषधांच्या डब्यात ठेवतच नाही. वेगळी डबी, तिच्यावर 'गुरुवार', आणि डबी माझ्या कपाटात. बुधवारी फॉलिक ॲसिड, गुरुवारी ही, असं कालनिर्णयावर गोल करून ठेवते. घेऊन झाली की गोलात फुली.

जास्वंद | १० जून, सकाळी ११:२५

गोदाकाठ ताई, अंगावर काटा आला. मी आत्ता उठून पाकीट बघितलं. माझ्यावरही काहीच लिहिलेलं नाही, नुसती '१'.

बाकी सगळ्यांची आभारी आहे. (उशीर झाला, सकाळी टाइप करता येत नाही.)

केशरआंबा | १० जून, दुपारी १२:४०

माझा अनुभव थोडा वेगळा. काकांना हाच त्रास होता. पुड्यांनी आठ दिवसांत चालायला लागले. अगदी जिना चढायचे. कुठलेही रिपोर्ट नाहीत, महिन्याला ३०० रुपये. ॲलोपथीवालेच सगळं जाणतात असं काही नाही.

निर्गुडी | १० जून, दुपारी २:१५

मी वैद्य आहे, बावीस वर्षं प्रॅक्टिस आहे, म्हणून केशरआंबांना मीच उत्तर देते.

आमवात हा शब्द आमचाच. माधवकराने माधवनिदानात त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं, त्याला हजार-बाराशे वर्षं होऊन गेली. विंचू डसल्यासारखी वेदना असं त्यात लिहिलंय, ज्याला झालाय त्याला ते पटेल. सुंठ, एरंडेल, लंघन, वाळूची कोरडी पोटली हे उपचार आहेत आणि मी ते देते. एक गोष्ट घरोघरी चुकते ती सांगते: सांधा गरम, लाल, सुजलेला असताना तेल चोळू नका. शास्त्रानेच त्या अवस्थेत कोरडा शेक सांगितलाय.

पण ज्या सांध्याने आठ महिने दाद दिली नाही तो आठ दिवसांत हलायला लागला, तर त्या पुडीत काय आहे ते विचारा. नाव नसलेल्या, लेबल नसलेल्या पुडीत कुटलेलं स्टेरॉइड निघतं, हे आम्हा वैद्यांनाच जास्त माहीत आहे आणि आम्हीच ते जास्त मोठ्याने बोलायला हवं. बदनामी आमच्या शास्त्राची होते.

काकांचा चेहरा गोल झाला होता का? भूक एकदम वाढली होती? साखर तपासली होती?

केशरआंबा | १० जून, दुपारी ३:०२

चेहरा भरला होता. आम्हाला वाटलं तब्येत सुधारली.

साखर नंतर निघाली. दोन वर्षांनी खुब्याचं हाडही बसलं, ऑपरेशन झालं. त्याचा पुडीशी संबंध असेल असं कधी कोणी बोललं नाही. आज फोन करून विचारतो काय काय झालं होतं ते.

स्टेथो | १० जून, दुपारी ३:३०

केशरआंबा, अजून घेत असतील तर अचानक बंद करायला सांगू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर रक्तदाब पडून माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांकडे नेऊन हळूहळू कमी करायचं. निर्गुडींशी शंभर टक्के सहमत.

अंगतपंगत | १० जून, संध्याकाळी ६:४८

खाण्याचं काय? आमच्याकडे काकूला आमवात निघाल्यापासून घरात डाळ, टोमॅटो, वांगं, दही, लिंबू सगळं बंद आहे. आमटीचं नुसतं पाणी राहिलंय, काका रोज शेजारी जेवायला जातात.

तिरफळ | १० जून, संध्याकाळी ७:०५

आमच्या गोंयात कोणी आंबट बंद सांगितलं तर तो आजार नको, डॉक्टर बदला म्हणतील. :) आई आठ वर्षं गोळी घेते आणि रोज सोलकढी पिते.

स्टेथो | १० जून, संध्याकाळी ७:४०

इथे दोन आजारांची गल्लत होते. युरिक ॲसिड वाढून होतो तो गाऊट. रात्रीत पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद होतो, त्यात मांसाहार, दारू यांचा संबंध आहे. आमवाताचा युरिक ॲसिडशी संबंध नाही. त्यात डाळ तोडली तर उलट प्रथिनं कमी पडतात, आणि या आजारात स्नायू आधीच झिजत असतात. काकूंना आमटी द्या. एखाद्या पदार्थाने आपल्याला त्रास होतो असं कोणाला स्वतःच्या अनुभवाने दिसलं, तर तेवढा टाळावा. तंबाखू आणि सिगारेट मात्र खरंच सोडायला हवी, धूम्रपानाने आमवात होण्याची शक्यता वाढते आणि झालेला जास्त चिघळतो.

अंगतपंगत | १० जून, संध्याकाळी ७:५२

काका आनंदाने नाचतायत. रात्री आमटी-भात.

मिरजेचा तंबोरा | ११ जून, पहाटे ४:२०

वेळ बघून ओळखलं असेल, मी यातलाच. आमवात नाही, त्याचा भाऊ. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन ते जुळत जातात तो.

माझी कहाणी पुरुषांसाठी लिहितो, विशेषतः विशी-तिशीतल्या. २३ व्या वर्षी कंबर धरायला लागली. पहाटे तीन-चारला जाग यायची, कुशीवर वळायलाही भिंतीचा आधार. उठून अर्धा तास फेऱ्या मारल्या की मोकळं. एमआरआयमध्ये मणक्याची गादी थोडी सरकलेली दिसली, पट्टा दिला आणि "आराम करा" म्हणाले. सहा वर्षं मी आराम केला. आरामानेच माझं जास्त दुखत होतं हे मी प्रत्येकाला सांगत होतो. ते कोणी ऐकलं नाही.

२९ व्या वर्षी डावा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले आणि विचारलं, "कंबर दुखते का हो?" मी रडायचाच बाकी होतो. त्यांनीच पुढे पाठवलं. एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेला जनुक) पॉझिटिव्ह, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांना सूज. तोवर खालचे दोन मणके जुळले होते.

गादी सरकल्याची कंबर सहसा पडून राहिलं की बरी वाटते. आमची कंबर हिंडलं-फिरलं की बरी वाटते. हा फरक घरात कोणाला दिसला तर हाडाच्या डॉक्टरांबरोबर संधिवाततज्ज्ञांनाही दाखवा.

स्टेथो | ११ जून, सकाळी ८:१०

तंबोरा, फार मोलाचं लिहिलंत. एकच भर: बी२७ पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार आहे असं नाही. निरोगी माणसांतही ते असतं, लक्षणं जुळायला हवीत. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती त्वचा, सांधे, किडनी यांच्यावर उलटते तो आजार) एएनए टेस्टचंही तसंच, थोड्या प्रमाणात ती धडधाकट लोकांतही पॉझिटिव्ह येते. रिपोर्टच्या फोटोवरून आजार ठरवू नका.

उन्हाळपाऊस | ११ जून, दुपारी १:१८

सांध्यांचं सगळे बोलताहेत, मी स्नायूंचं बोलते.

२०२१ च्या हळदीकुंकवाला मी खाली बसले आणि मला उठता येईना. दुखत नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं, मांड्यांत कोणीच नाही असं. दोघींनी काखेत हात घालून उठवलं, सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर एसटीची पहिली पायरी चढेना. मग वेणी घालताना हात डोक्यापर्यंत जाईना.

रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले आले. "कावीळ आहे" म्हणाले. दोन महिने लिव्हरची औषधं, गावची पाल्याची मुळी, उसाचा रस, तेल-तूप बंद. मी आणखी अशक्त. डोळ्यांच्या पापण्या जांभळट झाल्या होत्या, बोटांच्या पेरांवर लालसर चट्टे. ते सगळ्यांना दिसत होते, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं कोणाला वाटलं नाही. शेवटी पाणी गिळताना ठसका लागायला लागला तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने माझे हात हातात घेतले, पेरांकडे बघितलं आणि सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी, करायला सांगितलं. ८,४०० आलं.

डर्मटोमायोसायटिस, म्हणजे स्नायूंना आणि त्वचेला येणारी सूज. एसजीओटी, एसजीपीटी लिव्हरमध्ये असतात तशा स्नायूंतही असतात, आणि माझे स्नायू झिजत होते, हे मला तेव्हा कळलं. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, आयव्हीआयजीची (प्रतिपिंडांची) सलाईनं. छातीचं सीटी केलं, कारण यात फुप्फुसं धरू शकतात. कॅन्सर नाही ना तेही तपासलं, मोठ्या वयात हा आजार कधी कधी त्याच्यासोबत येतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुहानी भटनागर ही अवघ्या १९ वर्षांची अभिनेत्री याच आजाराने दिल्लीत गेली, तेव्हा घरच्यांनी दोन दिवस टीव्ही लावला नाही.

आज मी वेणी स्वतः घालते. जमिनीवरून उठताना एक हात टेकावा लागतो. जास्वंद, तुझीच गोळी मी चार वर्षं घेते आहे.

स्टेथो | ११ जून, दुपारी २:०५

त्या शिकाऊ डॉक्टरला माझा नमस्कार. 'कावीळ' म्हणून आलेल्या पण बिलिरुबिन आणि जीजीटी या लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल असलेल्या रुग्णात सीपीके करायलाच हवं. तपासणी स्वस्त आहे.

सांजवात | ११ जून, रात्री ९:३३

मी ल्युपसवाली, डोंबिवली. दहा रुग्णांत नऊ बायका असतात त्यातली एक. नाकावर आणि गालांवर लाली आली होती, ऊन लागलं म्हणाले. लघवीतून प्रथिनं जायला लागली तेव्हा खरा आजार कळला.

एक दुःख सांगते, औषधाशी संबंध नाही. हा आजार बाहेरून दिसत नाही. सकाळी ८:१२ च्या लोकलमध्ये मी बसायला जागा मागितली की बायका वरून खाली बघतात. स्टेरॉइडवर असताना चेहरा गोल झाला होता, तेव्हा नातेवाईक "छान तब्येत झाली" म्हणायचे. घरी सासरे म्हणाले, "काल तर बरी होतीस." काल बरी होते, हे खरंच आहे. आज नाही. हे त्यांना समजायला तीन वर्षं लागली. आता तेच दर रविवारी गोळ्यांचा डबा भरून देतात.

आणि मार्च २०२०! हायड्रॉक्सीक्लोरोक्विन करोनावर चालतं म्हणून सगळे घेऊन बसले आणि आमची रोजची गोळी दुकानांतून गायब. नवरा कल्याणपर्यंत चालत जाऊन दोन पट्ट्या घेऊन आला होता. जास्वंद, ही गोळी तुलाही दिली आहे. सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासून घे आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा बघत राहा.

हिमवृष्टी | १२ जून, मध्यरात्री १:५०

एडिनबराहून. मला स्क्लेरोडर्मा आहे, यात कातडी कडक होत जाते. सुपरमार्केटात गोठवलेल्या मटारची पिशवी उचलली की बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात. इथे जूनमध्येही खिशात हातमोजे. सातारा-महाबळेश्वरकडच्या थंडीत कोणाची बोटं अशी तीन रंगांची होत असतील, तर "थंडीच आहे" म्हणून सोडू नका. बहुतेकांत ते साधंच असतं, पण एकदा दाखवा. भांडी घासायला कोमट पाणी घ्या.

भीमथडी | १२ जून, सकाळी १०:३०

इतकं वाचून राहवलं नाही. मी भिगवणचा. लोकांना आमचं गाव रोहित पक्ष्यांमुळे माहीत, पण संधिवाताच्या जगात ते दुसऱ्याच कारणाने माहीत आहे. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने आमच्याकडे घरोघर जाऊन कोणाचे सांधे दुखतात याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमातली ती पाहणी. मी तेव्हा चौथीत होतो. आजीच्या गुडघ्यांबद्दल इतका वेळ कोणीतरी बसून विचारतंय याचंच तिला अप्रूप वाटलं होतं. प्रौढांमध्ये साधारण दोनशेत एकाला आमवात, असं त्यात निघालं.

जास्वंद, दोनशेत एक म्हणजे वाईसारख्या गावात केवढ्याजणी झाल्या बघा. तुम्ही एकट्या नाही.

कोरा कागद | १२ जून, दुपारी १२:१५

मी घाई करू नका म्हटलं होतं. दोन दिवस सगळं वाचलं. मावशीला फोन केला. केस परत आले होते म्हणाली, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. गोळी तिने केसांमुळे नाही, "आता बरं वाटतंय" म्हणून सोडली होती, आणि चार महिन्यांत पुन्हा सगळे सांधे सुजले. माझं मत बदललं आहे.

एक प्रश्न: याने भागलं नाही तर? मग जी इंजेक्शनं देतात त्यांना लाख-लाख लागतात म्हणे.

मिरजेचा तंबोरा | १२ जून, दुपारी १:००

मी घेतो. अडालिमुमॅब, पंधरा दिवसांनी एक. २०१४ मध्ये झायडसने त्याची भारतीय आवृत्ती आणली, तेव्हापासून किंमत खाली आली, तरी नोकरदार माणसाला जडच. पण प्रत्येकाला ते लागत नाही. आधी गोळ्या, त्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर ही. सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी केल्याशिवाय कोणाकडूनही घेऊ नका. आपल्याकडे अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले असतात, या इंजेक्शनाने ते जागे होऊ शकतात. माझी चाचणी पॉझिटिव्ह आली होती, आधी क्षयाची औषधं घ्यावी लागली.

जास्वंदच्या गोळीला आठवड्याला चहाच्या कपाएवढे पैसे लागतात. तिथून सुरुवात करावी.

जास्वंद | १४ जून, रात्री ९:४०

सगळं छापून घेतलं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून, २२ पानं झाली. सासूबाईंना वाचून दाखवलं. गोदाकाठ ताईंच्या आईचं आणि केशरआंबांच्या काकांचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "पुड्यांचं राहू दे. पण रोज घेऊ नकोस हो." डॉक्टरांना फोन केला, ते रागावले नाहीत. वार त्यांनीच विचारला. रविवार सांगितला, सोमवारी गिऱ्हाईक कमी असतं.

आज रविवार. आत्ता घेतली.

पाटीपेन्सिल | १४ जून, रात्री ९:४४

शाब्बास. उद्या मळमळलं तर घाबरू नको. आल्याचा तुकडा जवळ ठेव. फार झालं तर डॉक्टरांना सांग, तेवढ्यासाठी बंद करू नको.

केशरआंबा | २ जुलै, सायंकाळी ६:१५

काकांना नेलं होतं. ते अजून अधूनमधून पुडी घेत होते, आम्हाला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी स्टेरॉइड मोजून सुरू केलं आणि आता दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं उतरवताहेत. निर्गुडी ताई आणि स्टेथो, तुमचा आयुष्यभर ऋणी आहे.

जास्वंद | १९ सप्टेंबर, सकाळी ८:०५

वेळ बघा! सकाळी आठला टाइप करते आहे.

चौदा रविवार झाले. पहिले पाच-सहा काहीच कळलं नाही, वाटलं फुकट गेलं सगळं. सोमवारी दुपारपर्यंत तोंडाला चव नसते, ते अजून आहे. सातव्या आठवड्यात एक दिवस दुधाची पिशवी मी कापली. मुलगा कात्री घेऊन उभाच होता. ईएसआर ६२ वरून २८ वर आलाय. लिव्हर ठीक. स्टेरॉइड बंद झालं. डावं मनगट अजून सुजतं, डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली आहे. पाटल्या अजून जात नाहीत. गणपतीत ऑर्डर निम्म्याच घेतल्या, पण घेतल्या. नऊ नंबरच्या सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला.

सासूबाईंनी कालनिर्णयावर पुढच्या वर्षभराचे रविवार गोल करून ठेवलेत.

उन्हाळपाऊस | १९ सप्टेंबर, सकाळी ८:३०

सुईचं वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

नवखी | १९ सप्टेंबर, दुपारी २:४७

पूर्ण धागा आज वाचला. मलाही हीच गोळी चालू आहे, शनिवारची. गेल्या शनिवारी लग्नाला गेले आणि विसरले, मंगळवारी आठवलं. तेव्हापासून भीतीने घेतलीच नाही. आज दोन घेऊ का?

स्टेथो | १९ सप्टेंबर, दुपारी ३:२०

दोन कधीच नको. एक-दोन दिवसांत आठवलं तर घेता येते, त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्यायची आणि नेहमीच्या वारी नेहमीचीच एक. मंगळवारी घेतली नाहीत ते बरोबरच केलंत. आज तुमचा शनिवार आहे, आजची घ्या.

नवखी | १९ सप्टेंबर, रात्री ९:१०

घेतली. डबीवर 'शनिवार' लिहिलं.

गोदाकाठ | १९ सप्टेंबर, रात्री ९:१६

मोठ्या अक्षरात लिहिलंत ना?